जनावरं मोजली, आता माणसं मोजा

बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभाग पाणवठ्यांवर प्राणीगणना करतो. वैशाख असतो, ओढे-नाले आटलेले असतात आणि चांदणं पिठासारखं पडलेलं असतं. जनावराला पाण्यावर यावंच लागतं, आणि आलं की ते दिसतं. काही वर्षांपूर्वी गौताळ्याच्या जंगलात अशाच एका मचाणावर मी रात्र काढली. सोबतीला एक वनमजूर, पाण्याच्या दोन बाटल्या, गूळ-शेंगदाणे आणि एक छापील तक्ता. वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लू, शेरा असे त्याचे रकाने. साडेआठला सायाळ आली. दहाच्या सुमारास रोही, म्हणजे नीलगायी, पाच. मग कितीतरी वेळ नुसतं रातवा पक्ष्याचं टकटक. पहाटे तीनला अस्वल आलं, पाणी प्यायलं, आमच्या झाडाकडे नाक वर करून हुंगलं आणि आलं तसं निघून गेलं. "शेऱ्यात काय लिहू?" मी कुजबुजलो. "लिवा की, वास घेतला," वनमजूर म्हणाला.

वैशाखातली ती सायाळ आणि ते अस्वल सरकारी कागदावर आहेत. पण श्रावणातल्या एखाद्या रविवारी त्याच डोंगरात किती माणसं शिरली, किती गाड्या वर गेल्या, अंधार पडल्यावर किती जण आत राहिले, हे कुणाला विचारलं तर उत्तर येतं, "लई गर्दी असती, भाऊ." अभयारण्यात फिरायला जावं की नाही, या वादात मी दोन्ही बाजूंचं ऐकत आलोय. दोन्ही बाजू आकडा नसताना बोलतात. माझं म्हणणं साधं आहे: डोंगर बंद करू नका, गाडी बंद करा. आणि आत जाणारं माणूस मोजा.

आधी जागा कोणती ते सांगतो, कारण मराठवाडा म्हटलं की बाहेरच्यांच्या डोळ्यांपुढे भेगाळलेलं रान आणि टँकरच येतो. चित्र खोटं नाही. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि त्या जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. पण याच प्रदेशाच्या उत्तरेच्या अंगाला अजिंठा-सातमाळ्याची रांग आहे, आणि तिच्यात कन्नडच्या वर गौताळा औट्रमघाट अभयारण्य. 1986 मध्ये जाहीर झालेलं, साधारण 260 चौरस किलोमीटरचं, संभाजीनगर आणि जळगाव अशा दोन जिल्ह्यांत वाटलेलं. (नावात गौतम ऋषीही आहेत आणि भिल्लांची पलटण उभी करणारा औट्रमसाहेबही. गावातली माणसं मात्र 'कन्नडचा घाट' म्हणतात आणि मोकळी होतात.) सालई, धावडा, खैर, पळस, अंजन, सीताफळ असं पानगळीचं रान. उन्हाळ्यात बघितलं तर सगळं मेलं असं वाटावं, आणि मृग-आर्द्रा नीट बरसल्या की पंधरा दिवसांत ओळखू येऊ नये.

या रांगेच्या कण्यावर उभं राहिलं की दक्षिणेला हळूहळू उतरत जाणारं मराठवाड्याचं पठार दिसतं आणि उत्तरेला एकदम तुटलेला कडा, खाली खानदेश. पाण्याची वाटणीही इथेच होते. अलीकडे पडलेला थेंब शिवना नदीतून गोदावरीला, म्हणजे पैठणच्या नाथसागर जलाशयाला मिळतो. पलीकडे पडलेला गिरणेच्या वाटेनं तापीला. पैठणच्या धरणाची पातळी पेपरात रोज वाचणाऱ्या माणसाला हे जंगल कधी पाहायला मिळालं नाही, तर त्याचं त्याच्याशी काय नातं राहणार? म्हणून 'सगळं बंद करून टाका, निसर्गाला निवांत राहू द्या' हे शहरात बसून म्हणणं मला पटत नाही. बंद केलेलं रान निवांत राहतं असाही अनुभव नाही. तिथे रात्री चंदनाच्या बुंध्याला करवत लागते, आणि सकाळी ते पाहायला कुणीच नसतं.

डोंगरात चालत जाणं आपल्याकडे नवंही नाही. याच अभयारण्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून खोदलेली. तिथल्या एका खांबावर दान देणाऱ्याचं नाव कोरलंय: प्रतिष्ठानचा मितदेव, गंधिक कुळातला. म्हणजे पैठणचा अत्तर-सुगंधाचा व्यापार करणारा माणूस. त्याच लेण्यांत सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराचं नाव आहे. अत्तरवाला आणि सोनार, दोघंही बाजारपेठेतली माणसं, आणि दोघांचीही नावं या दरीत. घाटातून जाणाऱ्या व्यापारी वाटेवर ही लेणी वसली होती. अंतूर किल्ल्याच्या वाटेवर निजामशाहीच्या काळातला दिशा दाखवणारा दगडी मैलखांब आहे. चारशे वर्षांपूर्वी वाटसरूला कुठली वाट कुठं जाते ते दगडावर कोरून सांगण्याची काळजी कुणीतरी घेतली होती. आज त्याच डोंगरात तरुण पोरं मोबाइलवरच्या निळ्या ठिपक्याच्या भरवशावर उतरतात, रेंज गेली की ठिपका एका जागी गोठतो, आणि मग खालच्या गावातले लोक बॅटऱ्या घेऊन शोधायला निघतात.

आता रविवार. श्रावणातला, पाऊस उघडलेला. सकाळी अकरापर्यंत धबधब्याच्या वरच्या वळणावर गाड्यांची दुहेरी रांग लागते. एकीच्या डिकीत स्पीकर, दुसरीच्या बॉनेटवर केक. रस्त्याच्या कडेला वानरांची टोळी बसलेली असते, लेकुरवाळ्या माद्या पुढे. काचेतून वेफर्सचं पाकीट बाहेर येतं, वानर ते हातातून ओढून घेतं, सगळे हसतात. एकदा मी एका वानराला चांदीसारखं चमकणारं ते पाकीट दाताने उभं फाडून आतला मसाला जिभेनं चाटताना बराच वेळ पाहत होतो. ज्या सफाईनं त्यानं ते फाडलं, तेवढ्या सफाईनं मला येत नाही. सवय झालीय त्याला. दहा पावलांवर सीताफळाचं झाड होतं, त्याच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

ही माणसं वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. वाळूजच्या कंपनीत सहा दिवस पाळी करून सातव्या दिवशी बायकोपोरांना हिरवं काही दाखवायला निघालेला माणूस माझ्या लेखी गुन्हेगार नाही. त्यानं दुसरीकडे जावं तरी कुठं? म्हैसमाळ, वेरूळचा धबधबा आणि हा घाट. तिकडे बीडकडच्याला सौताडा, कपिलधार. संपली यादी. एवढ्या मोठ्या कोरडवाहू मुलखाची सगळी हौस चार-दोन हिरव्या ठिकाणांवर, तीही वर्षातल्या दहा-बारा रविवारांत येऊन पडते. आणि नेमके तेच दिवस जंगलाच्या पोटपाण्याचे आणि पिलावळीचे. गवतात घरटी असतात, माती भिजून लोण्यासारखी झालेली असते. शंभर पायांनी तिची वाट होते, हजार पायांनी तीच वाट पुढच्या पावसात ओघळ होऊन वाहून जाते.

यावर प्रशासनाकडे दोनच औषधं आहेत. एक, बंदी. कुठंतरी एखादा पोरगा धबधब्यात वाहून गेला की दुसऱ्या दिवशी जमावबंदीचा आदेश निघतो. पूर्वी 144 कलमाखाली निघायचा, आता नव्या संहितेच्या 163 खाली निघतो. फाट्यावर दोन पोलीस उभे राहतात, गर्दी दुसऱ्या बाजूनं शिरते, पंधरवड्यानं सगळं विसरतं. दुसरं औषध म्हणजे 'पर्यटन विकास'. हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. त्याचा अर्थ रुंद रस्ता, पेव्हर ब्लॉक, सिमेंटचं झाडाच्या बुंध्यासारखं रंगवलेलं बाकडं, गावाच्या नावाआधी लाल बदाम लावलेली ठळक अक्षरं, आणि वर वाहनतळ. खऱ्या झाडांच्या जंगलात सिमेंटचं झाड उभं करायला निविदा निघते, हे कुणाला विनोदी कसं वाटत नाही कोण जाणे. म्हणजे आधी गाडी कड्यापर्यंत नेऊन सोडायची आणि मग कड्यावर गर्दी झाली म्हणून बंदी घालायची.

गाडी पायथ्याशी थांबवली की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. स्पीकर तीन किलोमीटर खांद्यावर वाहून नेणारा माणूस मी तरी पाहिला नाही. दारूचे क्रेट कुणी डोक्यावर घेत नाही. चालायचं म्हटलं की सामान आपोआप घटतं, आवाज घटतो, चार वाजले की माणसाला परतीचं भान येतं. आणि हे काही अशक्य नाही. आपल्याच जिल्ह्यात झालेलं आहे. अजिंठ्याला जाणारा प्रत्येक माणूस, मग तो सिल्लोडचा असो की जपानचा, फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडतो आणि पुढचे चार-एक किलोमीटर ठरलेल्या बसमधून जातो. गाड्यांचा धूर चित्रांना लागू नये म्हणून ही सोय झाली. सुरुवातीला कुरकुर झाली असेल, आता कुणाच्या ते लक्षातही येत नाही. चित्रांसाठी जे जमलं ते चितळ-अस्वलांसाठी का जमू नये? म्हातारी माणसं, गुडघे गेलेली आई, चाकाच्या खुर्चीवरचा भाऊ यांचं काय, असं कुणी विचारील. त्यांच्यासाठीच ती बस. गाडी थांबवणं म्हणजे माणूस थांबवणं असा अर्थ मी कुठंच करत नाही.

इथे स्वतःचंही एक सांगून टाकतो, नाहीतर मी लहानपणापासून शहाणा होतो असं वाटेल. कॉलेजात असताना आम्ही पाच जण एका डोंगरात मुक्कामी राहिलो. मार्च संपत आलेला, गवत वाळून कडक झालेलं. नाल्याच्या कडेला तीन दगडांची चूल मांडून खिचडी केली, रात्रभर गाणी म्हटली, सकाळी चुलीवर चार ओंजळी पाणी टाकलं आणि निघालो. दोनशे पावलं गेलो असू, मागून हाक आली. शेळ्या चारणारे एक बाबा चुलीपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी राखेत काडी घातली, उकरली, आणि खालून लाल इंगळ वर आला. "इझला न्हाई तो, झोपलाय नुसता," एवढंच म्हणाले. मग नाल्यातला ओला गाळ दोन्ही हातांनी आणून त्यांनी ती चूल लिंपली, जशी एखादी बाई भिंत लिंपते तशी. आम्ही पाचही जण शिकलेले, आणि तो इंगळ जिवंत आहे हे आम्हाला कळलं नव्हतं. वारा सुटला असता तर त्या डोंगराचं काय झालं असतं याचा विचार मी आजही करतो.

अशा बाबांना आपण अभयारण्याबाहेर काढत आणलंय आणि आम्हा पाचांसारख्यांना पावती फाडून आत घेतोय. वादातला हा भाग मला सगळ्यात जास्त टोचतो. मराठवाड्यातल्याच एका नाक्यावर, कुठल्या ते सांगत नाही, मी एका मावशीला उभं केलेलं पाहिलं. डोक्यावर वाळक्या काटक्यांची मोळी. रखवालदार मोळी सोडायला लावून एकेक काटकी बघत होता, ओलं लाकूड आहे का ते. मावशी खाली मान घालून उभी. त्याच वेळी शेजारून तीन गाड्या आत गेल्या. रखवालदारानं एका हातानं अडसर वर केला आणि दुसऱ्या हातात मावशीची काटकी तशीच. गाडीत काय आहे, कुणी वाकूनही बघितलं नाही. मी मावशीला विचारलं, रोज असंच? ती म्हणाली, "आमची मोळी मोजत्यात, बाबा. त्यांचं कोन मोजतं?" या लेखाचं शीर्षक एका अर्थानं तिचंच आहे.

रखवालदाराला दोष देऊन उपयोग नाही. कायदा तसा आहे, आणि अभयारण्यातून लाकूड नेण्यावर बंधन असणं योग्यही आहे. पण तोच कायदा नीट वाचला तर बाकीच्यांसाठीही त्यात पुष्कळ काही लिहिलेलं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याच्या 27 व्या कलमानुसार अभयारण्यात प्रवेशावरच निर्बंध आहे. 28 व्या कलमात परवानगी कशाकशासाठी देता येते ते दिलंय: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्यांशी असलेलं कायदेशीर कामकाज. पर्यटन यादीत आहे, पण यादीत असणं म्हणजे हक्क असणं नव्हे. परवानगी देणाऱ्याला ती मोजून देता येते, नाकारताही येते. त्याच 27 व्या कलमात प्राण्यांना छेडायला आणि अभयारण्यात कचरा टाकायलाही मनाई आहे. वेफर्सच्या पाकिटासाठी वेगळा कायदा करायची गरज नाही. मोळीला जेवढी बारीक नजर लावली जाते तिच्या चौथाईनं ती डिकीला लागली तरी पुरे.

मोजून आत सोडण्याचा प्रयोग महाराष्ट्रात झालेला आहे. साताऱ्याच्या कास पठारावर, जागतिक वारशात 2012 मध्ये नाव आल्यावर लोंढा वाढला, तेव्हा दिवसाला तीन हजारांची मर्यादा घातली गेली, आगाऊ नोंदणी आली, आणि व्यवस्था भोवतालच्या गावांच्या समित्यांकडे गेली. फुलांच्या दिवसांत गावातलीच पोरं-पोरी शिट्ट्या घेऊन उभी असतात आणि पायवाट सोडणाऱ्याला हटकतात. बाहेरच्या रखवालदारानं हटकणं आणि गावच्या मुलीनं हटकणं यात फरक पडतो. ती आपल्याच अंगणाबद्दल बोलत असते. कासचा सगळाच कित्ता गिरवावा असं नाही. तिथे कुंपण घातल्यावर गुरांची चराई थांबली, गवत माजलं आणि फुलांना त्रास झाला, अशी तक्रार पुढे झालीच. म्हणजे शेळ्यावाल्या बाबांना हाकललं की जंगल आपोआप सुधारतं, हाही भ्रमच.

गौताळ्याच्या भोवतीची गावं अशी वाटाड्याचं काम करू शकतील का? मला शंका नाही. कुठल्या कुंडाला भोवरा आहे, पितळखोऱ्याच्या पायऱ्या उतरल्यावर नाल्याला पाणी कधी चढतं, आग्या मोहोळ यंदा कुठल्या कड्याला लागलंय, हे त्यांना ठाऊक आहे. ताडोब्याला गावातला मार्गदर्शक घेतल्याशिवाय जिप्सी आत जात नाही, ते सगळे पर्यटक मुकाट मान्य करतात. मग पायी जाणाऱ्या दहा जणांच्या टोळक्यानं गावातला एक माणूस सोबत घ्यावा आणि त्याचे पैसे त्याच्या हातात द्यावेत, यात कसली अडचण आहे? वाटा दोन-तीनच उघड्या ठेवाव्यात, बाकीचं रान रानाला. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी. व्याघ्र प्रकल्पात असते तशी. पावसाळ्यात आतल्या वाटा बंद आणि कडेच्या चालू, असं केलं तर मला स्वतःला वाईट वाटेल, कारण आतलं रान मला पावसातच बघायला आवडतं. पण ते सोसावं लागेल.

हे सगळं आताच का, तर जंगल आपल्याला वाटतं तितकं रिकामं राहिलेलं नाही. मार्च 2021 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ चालत चालत गौताळ्यापर्यंत आला आणि कॅमेऱ्यात टिपला गेला. 1940 नंतर इथे पहिल्यांदाच वाघ आला, असं त्यावेळी वन अधिकाऱ्यांनी सांगितलं. पुढे डिसेंबर 2024 मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ शेकडो किलोमीटर कापून धाराशिवच्या येडशी रामलिंगघाट अभयारण्यात दिसला. ते अभयारण्य केवढं? जेमतेम 22 चौरस किलोमीटर, मध्ये रामलिंगाचं देऊळ, श्रावणात भाविकांची रीघ, आणि देवळापाशी हातातला प्रसाद ओढणारी माकडं. एका नर वाघाच्या फिरण्यालाही ते पुरत नाही. गुरं मारली जाऊ लागली, लोक घाबरले. जानेवारी 2025 मध्ये त्याला पकडायची परवानगी निघाली, पथकं आली, पिंजरे लागले, आणि वाघ त्यांना हुलकावण्या देत राहिला. वाघांनी आपला जुना मुलूख चालून शोधून काढला, तो पायी. त्यांना वाटेत ऊस लागला, तुरी लागल्या, चौपदरी रस्ते लागले. पुढचा वाघ येईल तेव्हा वरच्या वळणावर गाड्यांची दुहेरी रांग असेल की नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे.

पर्यटनानं गावात पैसा येतो, गाड्या बंद केल्या तर चहावाल्याच्या पोटावर पाय येईल, हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पण सध्या तो पैसा कुठे थांबतो? डिझेल शहरात भरलेलं, वेफर्स-पाणी शहरातून आणलेलं, बिर्याणी ढाब्यावरची. गावाच्या वाट्याला कचरा आणि फार तर भाजलेल्या कणसाचे वीस रुपये. गाडी पायथ्याच्या गावात थांबली तर माणूस तिथे उतरतो, चहा पितो, वाटाड्या घेतो, दुपारी परत येऊन ठेचा-भाकरी खातो. चहाचं दुकान कड्यावरून पायथ्याला आणायला फार भांडवल लागत नाही.

मागच्या श्रावणात पुन्हा त्याच, मोळीच्या नाक्यावरून संध्याकाळी परतत होतो. या वेळी अडसरापाशी वीस-बावीस वर्षांचा एक पोरगा होता, रोजंदारीवरचा. मी थांबलो आणि विचारलं, आज किती आत गेले? त्यानं पावतीपुस्तकाची टोकं अंगठ्यानं फरफर सोडत अंदाज केला. "गाड्यांच्या पावत्या हायेत. मानसं नाय लिहीत आपन." आणि बाहेर किती आले? तो माझ्याकडे बघतच राहिला. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. मग त्यानं वर डोंगराकडे पाहिलं. सात वाजून गेले होते, पाऊस परत धरत होता, आणि वरच्या वळणावर दोन दिवे अजून हलत होते.